मायक्रॉनभर तेलाचा आधार

हायवेवर गाडी मजेत पळत असते तेव्हा इंजिनातला क्रँकशाफ्ट मिनिटाला तीनेक हजार, म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे घेत असतो. पाच सेंटिमीटर जाडीचा तो दांडा असेल, तर त्याचा पृष्ठभाग बेअरिंगच्या पुढून ताशी २८ किलोमीटर वेगाने सरकत असतो. वर सिलिंडरमध्ये इंधनाचा भडका उडाला की त्याच्यावर टनावारी भार कोसळतो. आणि एवढं होऊनही धातू धातूला शिवत नाही! मध्ये तेल असतं. सर्वांत अरुंद जागी त्याचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा.

एवढासा थर चिरडून बाहेर का फेकला जात नाही, याचा पहिला सुगावा १८८३ च्या सुमारास लंडनमध्ये लागला. ब्यूचँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाला लागतात तसल्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. आस फिरायला लागला आणि तेल आत जायचं सोडून त्याच भोकातून वर येऊ लागलं. त्याने बूच बसवलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी प्रेशर गेज जोडला, तर काटा २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता दर चौरस इंचाला १०० पौंडांच्या आसपास!

ऑस्बर्न रेनॉल्ड्स या संशोधकाने १८८६ मध्ये यामागचं गणित मांडलं. फिरणारा दांडा तेलाला स्वतःबरोबर ओढत निमुळत्या फटीत कोंबतो, तिथे प्रचंड दाब तयार होतो आणि दांडा उचलला जातो. ऑइल पंप फक्त तेल तिथवर पोचवतो; भार पेलतं ते दांड्याचं फिरणं. मला हे यंत्रशास्त्रातलं सर्वांत देखणं सत्य वाटतं.

पण हे जमायला तेलाचा दाटपणा त्या फटीला साजेसा हवा. डब्यावरचा ५डब्ल्यू-३० हा आकडा नेमकं तेच सांगतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ३० अंशांवर होते: इतक्या गारठ्यातही इंजिन फिरू शकेल एवढं ते वाहतं राहिलंच पाहिजे. मागचा ३० हा १०० अंशांवरचा दाटपणा, तापलेल्या इंजिनातला.

चंद्रपूरच्या मे महिन्यात विंटरचं काय काम, असं कुणीही विचारेल. मात्र शंभर अंशांवर काम करणाऱ्या तेलाला चंद्रपूरचा उन्हाळाही थंडच. साधं ५डब्ल्यू-३० तेल चाळीस अंशांना शंभर अंशांच्या मानाने साधारण सहापट दाट असतं. ही दरी कमी करायला तेलात पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या मिसळतात. थंडीत त्या लोकरीच्या गुंड्यासारख्या आवळलेल्या असतात; तेल तापून पातळ होऊ लागलं की त्या पसरतात आणि पातळपणाला आवर घालतात. इंजिनात रगडून रगडून या साखळ्या हळूहळू तुटतात. तेल बदलायचं एक कारण हेही आहे.

म्हणूनच ‘आपल्याकडे गरम फार, घट्ट ऑइल टाका’ हा गॅरेजमधला सल्ला मला पटत नाही. २०डब्ल्यू-५० हे जुन्या, ऐसपैस फटींच्या इंजिनांसाठी ठीक. आज अनेक पेट्रोल गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-२० सांगते, कारण त्यांच्या फटी आणि पंप त्याच हिशेबाने बनवलेले असतात. शिवाय व्हॉल्व्हच्या वेळा बदलणारी यंत्रणा बहुधा याच तेलाच्या दाबावर चालते. तिथे घट्ट तेल घातलं तर सकाळी ते वरपर्यंत उशिरा पोचतं आणि अ‍ॅव्हरेजही घटतं. गाडीचं मॅन्युअल उघडा, तिथला ग्रेड बघा आणि तोच मागा.

ग्रेडइतकीच मोलाची असतात डब्याच्या मागची अक्षरं: तेलातली रसायनं कोणत्या गाडीला साजेशी आहेत, ते ती सांगतात. गाडी सुरू होताना किंवा कॅमच्या टोकावर, जिथे तेलाचा थर टिकत नाही, तिथे झेडडीडीपी हे जस्त-फॉस्फरसचं रसायन धावून येतं. घर्षण आणि उष्णता असेल नेमक्या तिथेच ते धातूवर काचेसारखा कवच-थर धरतं, झिजला की पुन्हा धरतं. फॉस्फरस जास्त झाला तर मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ लागतो, म्हणून मात्रेला मर्यादा. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी जाळून टाकता येते. तेलातल्या धातूंची राख जळत नाही, फिल्टरमध्ये साठतच जाते. अशा गाडीला एसीईए सी२ किंवा सी३ सारखं कमी राखेचं तेल सांगितलेलं असेल, तर ग्रेड जुळला तरी दुसरं घालू नये. आणि कारचं तेल बाइकमध्ये नको: बहुतेक बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, त्यांना जासो एमए हवं.

डिझेल गाडीतलं नवं तेल थोड्याच दिवसांत काळं होतं, त्याने घाबरू नका. काजळी तळाशी न बसू देता तेलातच धरून ठेवायची, हे त्यातल्या डिटर्जंट-डिस्पर्संटचं कामच आहे. लक्ष पातळीकडे द्या. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, डिपस्टिक पुसून पुन्हा घातलेली. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वरही नको. जास्त झालेलं तेल क्रँकशाफ्ट घुसळून फेसाळवतो, आणि हवेचे बुडबुडे दाबाखाली चेपतात, त्यामुळे भार पेलणारा तो थरच कमजोर पडतो.