हृदयातले छिद्र आणि ठरलेले लग्न

बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की आमच्या दवाखान्यात सकाळी शुकशुकाट आणि संध्याकाळी गर्दी असते. अशाच एका संध्याकाळी ट्रॅक्टर खाली करून एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी एकोणीस वर्षांची, लग्न ठरलेले. "डॉक्टरसाहेब, देवीच्या पायऱ्या चढताना हिला धाप लागली. रक्त कमी असेल. ताकदीचं इंजेक्शन द्या," ते म्हणाले.

ही मुलगी माझी जुनीच पेशंट. लहानपणी दर पावसाळ्यात सर्दी-खोकला, अंगाने किरकोळ. मी दरवेळी खोकल्याचे औषध आणि टॉनिक लिहून देत होतो. त्या दिवशी मात्र गर्दी बाजूला ठेवून तिच्या छातीवर स्टेथोस्कोप नीट लावला.

हृदयाचे ठोके 'लब-डब' असे ऐकू येतात. यातला 'डब' श्वास घेताना किंचित दुभंगतो आणि श्वास सोडताना पुन्हा एक होतो. हिचा 'डब' श्वास घेताना दुभंगलेला होता आणि सोडतानाही तसाच. सोबत हलकी फुरफुर होती. ईसीजी काढला आणि टू-डी एकोसाठी नाशिकला पाठवले. रिपोर्ट आला, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र. उजवा वरचा कप्पा चांगलाच फुगलेला.

वाचकहो, हा प्रकार समजून घेऊ. हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कर्णिका, खालच्या दोन जवनिका. शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त उजव्या कर्णिकेत येते. ठोक्यांची लय ठरवणारे केंद्रही याच कर्णिकेच्या भिंतीत असते. गर्भात असताना दोन्ही कर्णिकांमध्ये वाट मोकळी असते. जन्मानंतर ती बंद होते. काहींच्या बाबतीत मात्र पडदाच अपुरा तयार झालेला असतो. मग डावीकडचे शुद्ध रक्त उजवीकडे गळत राहते. एका घरात दोन घरांचे पाहुणे उतरावेत, तशी उजव्या बाजूची गत होते. उजवी कर्णिका, उजवी जवनिका ताणून मोठी होते आणि फुफ्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त रक्त जाते.

गंमत अशी, की हे मूल निळे पडत नाही. शाळेत जाते, खेळते. लहान छिद्रे पहिल्या काही वर्षांत आपोआप मिटतातही. मोठे छिद्र मात्र वर्षानुवर्षे गुपचूप काम करते. हा दोष मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आढळतो. त्यांना लागणारी धाप आपण अशक्तपणाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. मीही तेच केले होते.

उपचार न झाल्यास पुढे ठोके अनियमित होतात, पायांवर सूज येते. काहींच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड होऊन तिथला दाब कायमचा वाढतो आणि रक्त उलट वाहू लागते. त्यानंतर छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. अशा स्त्रीला बाळंतपण जिवावर बेतू शकते.

उपचार दोन प्रकारचे. छिद्र पडद्याच्या मधोमध असेल आणि त्याला चहूबाजूंनी पुरेशी कड असेल, तर जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन छत्रीसारखे उपकरण बसवता येते. छाती उघडावी लागत नाही. कड अपुरी असेल किंवा छिद्र वेगळ्या जागी असेल, तर शस्त्रक्रिया. त्यात हृदय-फुफ्फुस यंत्रावर रक्ताभिसरण चालू ठेवून उजवी कर्णिका उघडतात आणि छिद्र टाक्यांनी किंवा हृदयावरच्या आवरणाचे ठिगळ लावून बंद करतात.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही याच छिद्राशी जोडलेला आहे. २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून, काही मिनिटांत असे छिद्र शिवले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तीही याच दोषासाठी. ती मुलगी अठरा वर्षांची होती. आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली हृदयरोपणापर्यंत धाडस केले होते.

आमच्या मुलीच्या छिद्राला खालच्या बाजूची कड नव्हती. म्हणजे शस्त्रक्रियाच. वडील म्हणाले, "लग्न उरकून घेऊ, मग बघू." आई म्हणाली, "छातीवर व्रण दिसला तर लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "व्रण ब्लाउजखाली झाकता येईल. पहिल्या बाळंतपणात धाप लागली तर ती कशाखाली झाकाल?" सगळे गप्प झाले. मग मुलगीच बोलली, "त्यांना खरं सांगा, दादा. लपवून मला नांदायचं नाही."

वडिलांनी सांगितले. सोयरीक मोडली. घरात दोन दिवस चूल पेटली नाही. पण फुफ्फुसाचा दाब अजून फारसा वाढलेला नव्हता, ही मोठी नशिबाची गोष्ट. सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया झाली. आठवड्याने मुलगी घरी आली, तीन महिने जड काम बंद ठेवले. परवा ती पेढे घेऊन आली. देवीच्या पायऱ्या न थांबता चढली होती.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे. मूल वारंवार छातीच्या सर्दीने आजारी पडत असेल, बरोबरीच्या मुलांआधी दमत असेल, वजन वाढत नसेल, तर एकदा हृदय तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेत येणाऱ्या पथकाने चिठ्ठी दिली, तर ती फडताळात ठेवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्रा'ला भेटून कागदपत्रे विचारा. शस्त्रक्रियेत धोका शून्य नसतो, पण वेळेत केली तर तो फार कमी असतो.

आणि हो, आता माझ्या टेबलावर टॉनिकची चिठ्ठी लिहिण्याआधी स्टेथोस्कोप कानाला लागतो. 'डब' दुभंगतो का, ते ऐकूनच पेन उचलतो.