बहुप्रक्रियक संगणकातील प्रणाली घड्याळाचे बिघाड

संगणक चालू असताना कार्यप्रणाली वेळेचा जो हिशेब ठेवते, त्यास प्रणाली घड्याळ किंवा सिस्टम क्लॉक असे म्हणतात. एकाहून अधिक प्रोसेसर किंवा कोअर असलेल्या संगणकात हा हिशेब सर्वांसाठी एकच असावा लागतो. तसे न झाल्यास आधी घडलेली घटना नोंदीत नंतरची दिसते आणि साठवलेल्या व्यवहारांचा क्रम विश्वसनीय राहत नाही.

पार्श्वभूमी
संगणक बंद असताना मदरबोर्डवरील एक लहान घड्याळ वेळ राखते. ते सेकंदाला ३२,७६८ कंपने करणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर चालते व त्यास नाण्याच्या आकाराची बॅटरी वीज पुरवते. संगणक सुरू होताना कार्यप्रणाली ही वेळ वाचून घेते. पुढील मोजणी अन्य गणकांच्या आधारे होते. त्यांपैकी टाइम स्टॅम्प काउंटर अर्थात टीएससी हा अतिशय जलद वाचता येणारा गणक इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरबरोबर १९९३ साली आला.

कारणे
टीएससी प्रत्येक कोअरमध्ये स्वतंत्र असतो. जुन्या प्रोसेसरांत वीज वाचवण्यासाठी कोअरची गती उतरली की त्याची मोजणीही मंदावत असे. २ गिगाहर्ट्झचा कोअर १ गिगाहर्ट्झवर आल्यास त्याच्या लेखी एका सेकंदात अर्धाच सेकंद सरे. अशा वेळी एखादा प्रोग्रॅम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला, तर त्याला वेळ मागे गेल्याचे दिसे. एएमडीच्या २००५ मधील अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ या दोन कोअरच्या प्रोसेसरावर ही अडचण विशेष जाणवली.

निदान
संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच वेळ चुकत असेल, तर प्रथम बॅटरी तपासावी. चालू संगणकात वेळ मागेपुढे उडी घेत असेल, तर गणकांवर संशय घ्यावा. प्रोग्रॅम एकाच कोअरला बांधून चालवल्यास दोष नाहीसा होत असेल, तर कोअरांमध्ये मेळ नाही असे समजावे. लिनक्स ही कार्यप्रणाली टीएससीची तुलना दुसऱ्या गणकाशी करते. तफावत आढळल्यास त्यास अस्थिर ठरवून तशी नोंद करते व दुसरा गणक वापरू लागते.

उपाय
एचपीईटी किंवा एसीपीआय टायमर हे सर्व कोअरांना सामाईक असलेले गणक निवडल्यास विसंगती टळते. मात्र ते वाचण्यास अधिक वेळ लागतो. बायॉस अद्ययावत केल्यानेही काही दोष दूर होतात. अलीकडील बहुतेक प्रोसेसरांत टीएससी कोअरच्या गतीवर अवलंबून नसतो. इंटरनेटवरून वेळ जुळवणारी एनटीपी ही पद्धत बाहेरच्या वेळेशी पडलेला फरक भरून काढते. कोअरांमधील आपसातील फरक तिने मिटत नाही. म्हणून घड्याळ वारंवार जुळवत बसण्यापूर्वी ते कोणत्या गणकावर चालते, हे पाहणे आवश्यक ठरते.