बिब्बा उतणे आणि नखांवरील नवे लेप

सातपुड्याच्या पायथ्याशी व्यवसाय करणाऱ्या वैद्याला 'बिब्बा उतणे' म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. एकाच झाडाखाली बिब्बे वेचणाऱ्यांपैकी एकाच्या हातावर काहीच उमटत नाही, तर दुसऱ्याचे डोळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुजून मिटतात. बिब्ब्याला हात न लावता त्याच्या धुराजवळून गेलेल्या माणसाच्या अंगावर फोड आल्याचेही जुनी मंडळी सांगतात. द्रव्य तेच, मात्रा तीच, परंतु शरीर निराळे. प्रस्तुत लेखाचा विषय बिब्बा नाही. तळोद्यासारख्या तालुक्याच्या गावांतील ब्युटी पार्लरमध्ये येऊन पोहोचलेली जेल पॉलिश आणि कृत्रिम नखे हा आहे. तथापि बिब्ब्याचा परिचय असलेल्या वैद्याला हा नवा व्याधी ओळखणे सोपे जावे, असे आम्हांस वाटते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील त्रिशोथीय अध्यायात आगंतु शोथाच्या हेतूंमध्ये भल्लातकाच्या रसाचा व खाजकुयलीच्या कुसांचा स्पर्श स्पष्टपणे सांगितला आहे. सुश्रुतांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात अभ्यंग, अनुलेपन, मुखलेप, फणी, पादुका व अलंकार यांच्याद्वारे शरीरात शिरणाऱ्या विषांची लक्षणे दिली आहेत. तेथील विषप्रयोग हेतुपुरस्सर केलेला आहे, ही गोष्ट खरी. म्हणून नखांच्या प्रत्येक रंगाला विष म्हणून मोकळे होणे उचित नव्हे. परंतु प्रसाधनद्रव्य हेदेखील व्याधीचे कारण असू शकते आणि त्याची चौकशी वैद्याने केली पाहिजे, ही दृष्टी आपल्या शास्त्राला नवीन नाही.

हे लेप नेमके काय आहेत?

बाटलीतील साधे नेलपॉलिश हवेत वाळते. त्यातील द्रावक उडून जातो व रंगाचा पापुद्रा उरतो. त्यातील काही राळयुक्त घटकांमुळेही पापण्यांवर व मानेवर खाज सुटल्याची उदाहरणे फार पूर्वीपासून ज्ञात आहेत. जेल पॉलिश व ॲक्रिलिक नखे यांचा प्रकार वेगळा. ॲक्रिलिक नखांत द्रव व भुकटी एकत्र कालवून नखावर थर चढवला जातो व तो आपोआप कठीण होतो. जेल पॉलिश विशिष्ट दिव्याच्या अतिनील प्रकाशाखाली धरल्यावर घट्ट होते. दोहोंतही मूळ द्रव्य ॲक्रिलेट अथवा मिथॅक्रिलेट वर्गातील सुटे रेणू असतात व घट्ट होताना ते एकमेकांत गुंफले जातात. पूर्ण घट्ट झालेला थर त्वचेला फारसा बाधत नाही. बाधतात ते न गुंफलेले, सुटे राहिलेले रेणू. ब्रश नखाच्या कडेच्या त्वचेला लागला, जेल आणि दिवा एकमेकांस अनुरूप नसले, किंवा थर फार जाड दिला, म्हणजे असे रेणू त्वचेच्या संपर्कात येतात. या वर्गात हायड्रॉक्सीइथाइल मिथॅक्रिलेट, म्हणजेच 'हेमा', हे द्रव्य विशेष प्रसिद्ध आहे.

हा विलंबित स्वरूपाचा प्रकार आहे. पहिल्याच वेळी त्रास होतो असे नाही. महिनोन् महिने कोणतीही तक्रार नसते. त्या अवधीत शरीर त्या द्रव्याची ओळख करून घेत असते. एकदा ही ओळख पक्की झाली की पुढील प्रत्येक स्पर्शानंतर साधारणतः एक ते तीन दिवसांत खाज, लाली, सूज व फोड उद्भवतात. म्हणूनच 'इतके दिवस हेच वापरते, मग आताच कसे झाले?' हा रुग्णेचा प्रश्न निदानाच्या विरोधात जात नाही. उलट त्याला पुष्टी देतो.

हातावर कारण, पापणीवर लक्षण

या व्याधीत फसगत होते ती स्थानामुळे. बोटांच्या अग्रभागी त्वचा कोरडी होऊन सोलते, भेगा पडतात, स्पर्शास दुखते. काहींना बोटांत मुंग्या येतात. नख मांसापासून सुटते, नखाखाली जाड थर साचतो. परंतु अनेकींच्या हातांवर फारसे काही दिसतच नाही. हात दिवसभर चेहऱ्याला लागतो आणि पापणीची त्वचा अतिशय पातळ असते. परिणामी खाज व सूज पापण्या, गाल, हनुवटी व मान येथे प्रकटते. रुग्णा डोळ्याचा विकार समजून येते, आणि आपणही डोळ्याकडेच पाहत राहतो.

आमच्याकडे आलेल्या एका तरुणीचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. ती पार्लरमध्ये काम करणारी होती. दोन्ही पापण्या वारंवार सुजत. दुकानातून घेतलेल्या निरनिराळ्या मलमांनी आठवडाभर बरे वाटे व पुन्हा तेच होई. परीक्षण करताना तिच्या डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांचीच टोके फाटलेली आढळली. ग्राहकाचे बोट ती याच दोन बोटांत धरीत असे आणि उजव्या हाताने जेल लावीत असे. ते काम थांबविल्यावर काही आठवड्यांत पापण्या व बोटे दोन्ही निवळली. पुढे लग्नसराईत एका नवरीची नखे करून देताच दुसऱ्या दिवशी सूज परतली. यानंतर निदानाविषयी आमच्या मनात शंका उरली नाही. तिच्यापुढे मात्र मोठा प्रश्न उभा राहिला, कारण त्या कामावर तिच्या घरखर्चाचा बराच भाग चालत होता.

असे रुग्ण आल्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. गेल्या काही महिन्यांत जेल, ॲक्रिलिक अथवा चिकटविण्याची नखे वापरली का? घरी दिव्यासह मिळणारा संच मागविला आहे का? स्वतः इतरांची नखे करून देता का? त्रास काम वा प्रसाधनानंतर किती दिवसांनी होतो व सुट्टीत कमी होतो का? दातांत सिमेंट भरल्यावर कधी तोंड आले का? यासोबत केशरंग, काळी मेंदी व टिकली यांचीही चौकशी करावी. काळ्या मेंदीतील व केशरंगातील पॅराफेनिलीनडायअमीन हे द्रव्य आणि टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफेनॉल हे द्रव्य आपल्या देशात सुपरिचित आहेत. दुसऱ्या द्रव्यामुळे कपाळावर पांढरा डाग पडतो, हे अलाहाबाद येथील त्वचारोगतज्ज्ञांनी १९९० साली दाखवून दिले होते.

कुनख व चिप्प या सुश्रुतोक्त क्षुद्ररोगांशी, तसेच बुरशीजन्य नखविकार व सोरायसिसशी सापेक्ष निदान करणे आवश्यक आहे. सुटलेले नख म्हणजे बुरशीच, असे गृहीत धरून महिनोन् महिने औषध देऊ नये. निश्चितीसाठी पॅच टेस्टची सोय असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे रुग्ण पाठवावा. ही चाचणी पाठीवर लावून सुमारे ४८ व ९६ तासांनी वाचावी लागते. 'हेमा' हे द्रव्य २०१९ पासून युरोपच्या मूलभूत चाचणीमालेत समाविष्ट आहे. म्हणून चिठ्ठीत नखप्रसाधनाचा उल्लेख आवर्जून करावा.

चिकित्सेतील प्रथम पायरी

येथे निदानपरिवर्जन हीच मुख्य चिकित्सा होय. नखावरील उरलेला थर ओरबाडून काढू नये. हातमोजे घालून, शांतपणे विरघळवून काढावा. बोटाचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. संपूर्ण नख नवीन येण्यास साधारण ६ महिने लागतात, याची कल्पना रुग्णेला आरंभीच द्यावी. स्थानिक उपचार सौम्य असावेत. थंड पाण्याच्या घड्या, यष्टीमधु अथवा त्रिफळा क्वाथाचा परिषेक, कोरडेपणा व भेगांसाठी शतधौत घृत एवढ्यावर पुष्कळसे भागते. स्रवणाऱ्या त्वचेवर तीक्ष्ण, उष्ण वा क्षारयुक्त लेप घालणे म्हणजे रोगात आपणच बिब्बा घालण्यासारखे आहे. पापण्यांवर लेप टाळावा. डोळे पूर्ण मिटणे, ज्वर, पू, दृष्टीत बदल किंवा श्वासाचा त्रास यांपैकी काही असल्यास विलंब न करता तज्ज्ञाकडे वा रुग्णालयात पाठवावे.

व्याधी शमला तरी संवेदनशीलता बहुधा आयुष्यभर टिकते, ही बाब रुग्णेला लेखी द्यावी. दंतचिकित्सेतील बंधनद्रव्ये व अस्थिशल्यातील सिमेंट यांत याच वर्गातील द्रव्ये असतात. पुढे कधी दात किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आल्यास ही चिठ्ठी संबंधित तज्ज्ञाच्या उपयोगी पडेल.

औषधविक्रेते आणि पार्लरचालक

औषधविक्रेत्या बंधूंची भूमिका यात मोलाची आहे. पापणीवर खाज आहे म्हणून स्टेरॉईड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेले मलम परस्पर देण्याची पद्धत थांबली पाहिजे. बहुतेक स्टेरॉईड मलमे २०१८ मध्ये केंद्र शासनाने परिशिष्ट 'एच' मध्ये आणली. ती वैद्यकीय चिठ्ठीविना विकता येत नाहीत. पापणीवर दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते व डोळ्यातील दाब वाढू शकतो. शिवाय लक्षण दबते, कारण तसेच राहते. 'हर्बल' असा शब्द वेष्टनावर आहे, एवढ्याने नखांचे वा केसांचे प्रसाधन निर्धोक ठरत नाही. बिब्बाही वनस्पतीच आहे, आणि आपल्या औषध कायद्यानेच त्याला परिशिष्ट 'ई-१' मधील विषारी द्रव्यांत ठेवले आहे.

इतरत्र या विषयाची दखल बरीच आधी घेतली गेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७४ मध्ये मिथाइल मिथॅक्रिलेटयुक्त नखप्रसाधनांविरुद्ध न्यायालयीन कारवाई केली. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पॅच टेस्ट केलेल्या सुमारे ४,९०० रुग्णांपैकी २.४ टक्क्यांना या वर्गातील द्रव्यांची ॲलर्जी आढळली, व त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. युरोपीय संघाने २०२० च्या नियमाने 'हेमा'युक्त नखप्रसाधने केवळ व्यावसायिकांच्या वापरापुरती मर्यादित केली व वेष्टनावर ॲलर्जीची सूचना बंधनकारक केली.

आपल्या गावांत मात्र हे संच घरपोच येतात, आणि ते हाताळणाऱ्या मुलींना द्रव्याची माहिती देणारे कोणी नसते. रबराच्या पातळ हातमोज्यांतून हे रेणू काही मिनिटांत आरपार जातात. नायट्राइलचे हातमोजे त्यांहून बरे, पण तेही वारंवार बदलावे लागतात. जेल त्वचेला लागू न देणे, लागल्यास तत्काळ पुसून साबणाने धुणे, जेलसोबत शिफारस केलेलाच दिवा वापरणे, खोली हवेशीर ठेवणे, एवढे जरी पाळले तरी पुष्कळ हानी टळेल. आपल्या चिकित्सालयाच्या वा दुकानाच्या परिसरातील दोन-तीन पार्लरचालकांना प्रत्येक सभासदाने ही माहिती समक्ष भेटून द्यावी, अशी विनंती आहे. ज्या मुलीला अद्याप त्रास झालेला नाही, तिचा व्यवसाय आज वाचवता येतो. एकदा शरीराने त्या द्रव्याशी वैर धरले, की आपल्या हाती केवळ सांत्वन व पथ्य उरते.