काचेची अक्षरे : फोडावे काय, जोडावे काय?

आपल्याकडे शुभप्रसंगी नारळ ‘फोडत’ नाहीत, तो ‘वाढवतात’. हातातली बांगडी फुटली तरी घरातील वडीलधारी मंडळी ती ‘वाढवली’ असेच म्हणतात. मोडण्याचे, फुटण्याचे शब्द मंगल प्रसंगी टाळावेत, हा संकेत व्यापारी घरांत आजही कटाक्षाने पाळला जातो. त्याच घरांतील तरुण मुले-मुली मात्र दिवाळीच्या, पाडव्याच्या जाहिराती स्वतःच संगणकावर बनवतात आणि त्यांत काच तडकावी तशी अक्षरे फोडतात. हे तंत्र आकर्षक आहे, यात शंका नाही. ते नीट शिकून घेणे आणि कोणत्या शब्दावर वापरावे हे ठरवणे, दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

या कामासाठी ‘आफ्टर इफेक्ट्स’ हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील एका छोट्या कंपनीने ते 1993 साली बाजारात आणले. पुढल्याच वर्षी ते अ‍ॅडोबीकडे आले. त्याच्या सिम्युलेशन गटात ‘शॅटर’ नावाचा इफेक्ट आहे. मजकुराच्या लेयरवर तो लावला की प्रथम पडद्यावर नुसती रेषांची जाळी दिसते. ‘व्ह्यू’मध्ये ‘रेंडर्ड’ निवडल्यावर खरे चित्र दिसू लागते. ‘शेप’मध्ये विटांऐवजी काचेचा नमुना निवडावा. ‘रिपीटिशन्स’ वाढवले की तुकडे बारीक होतात, ‘एक्स्ट्रूजन डेप्थ’ने त्यांना जाडी येते. आघात कोठे आणि किती जोराचा, हे ‘फोर्स’ ठरवतो; तुकडे कसे कोसळतील, हे ‘ग्रॅव्हिटी’.

नवशिक्याची अडचण येथेच होते. शॅटर लावताच अक्षरे पहिल्याच क्षणी उधळतात. वाचायला काही उरतच नाही. त्यावर उपाय सोपा आहे. ‘फोर्स’ची ‘रेडियस’ शून्य ठेवावी, हव्या त्या क्षणी तेथे कीफ्रेम लावावी आणि एक-दोन फ्रेमनंतर ती वाढवावी. शब्द किती वेळ अखंड ठेवावा? घरातील एखाद्या ज्येष्ठाने तो सावकाश, मोठ्याने वाचून पूर्ण करावा, इतका.

रेडियस एवढ्या झटक्यात का वाढवायची, याचे उत्तर खऱ्या काचेत आहे. काचेतील तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावू शकतो. आपला व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा असेल, तर एका फ्रेमच्या अवधीत असा तडा साठ मीटर जाईल. म्हणून तडे हळूहळू पसरताना दाखवले की ती काच वाटत नाही, वाळलेला चिखल भेगाळल्यासारखे दिसते. तुकड्यांचे पडणे मात्र मंद सुरू होते. नुसता सुटलेला तुकडा पहिल्या फ्रेममध्ये जेमतेम आठ मिलिमीटर खाली येतो. पूर्ण सेकंदात जवळजवळ पाच मीटर. तडा क्षणात जावा आणि पडणे क्रमाने वेग घेत जावे, एवढे सांभाळले की डोळ्यांना ती काच पटते.

मराठी मजकुरासाठी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिपी हाताळणारे टेक्स्ट इंजिन निवडलेले नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी बसते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. असा शब्द फुटण्यापूर्वीच मोडलेला दिसतो. दुसरे, बारीक अक्षरांचे तुकडे काचेसारखे न दिसता भुश्यासारखे दिसतात; म्हणून ठसठशीत, जाड वळण घ्यावे. एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट विनामूल्य मिळतो आणि तो सात जाडींत आहे. सॉफ्टवेअरचे भाडे परवडत नसेल, तर विनामूल्य ‘ब्लेंडर’मध्येही अक्षरांचे असे तुकडे करता येतात, शिकायला मात्र अधिक वेळ द्यावा लागतो.

आता मूळ प्रश्न : फोडावे काय? दुकानाच्या पाटीवरील नाव हे केवळ अक्षरांचे नसते. त्यामागे आजोबांची पत असते, उधारीवर माल देणाऱ्याचा विश्वास असतो, वर्षानुवर्षे येणाऱ्या ग्राहकाची ओळख असते. ते नाव पडद्यावर खळकन फुटून खाली कोसळले, तर नातवाला त्यात चमत्कृती दिसेल, पण गादीवर बसलेल्या आजोबांच्या काळजात चर्र होईल. त्यांना जुन्या विचारांचे म्हणून गप्प बसवणे योग्य नव्हे. चित्राचा अर्थ त्यांनी अचूक वाचलेला असतो, आणि ग्राहकही तो तसाच वाचू शकतो.

फोडायचाच असेल, तर ‘जुना दर’ फोडावा, ‘प्रतीक्षा’ फोडावी. नावासाठी हेच तंत्र उलटे चालवावे. फुटण्याचे संपूर्ण दृश्य ‘प्री-कंपोझ’ करून त्या लेयरची काळदिशा उलटवली, की विखुरलेले तुकडे चहूकडून येतात, एकमेकांत बसतात आणि शिरोरेषेखाली पेढीचे नाव अखंड उभे राहते. मेहनत तेवढीच, चमकही तेवढीच. जाहिरात अशी झाली, तर ती ग्राहकांना पाठवण्यापूर्वी आजोबांना दाखवताना नातवाला संकोच वाटणार नाही.