पगार विचारा, तासही विचारा

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते दीडशे-दोनशे माणसं पोटात घेऊन उडणारं मोठं विमान. आणि पायलट म्हटलं की खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या आणि लाखांतला पगार! पण मैत्रिणींनो, कराडच्या, लातूरच्या नाहीतर धुळ्याच्या धावपट्टीवर एखादं पांढरंशुभ्र, दोन पंख्यांचं, सात-आठ जणांचं विमान उतरताना पाहिलंय कधी? निवडणुकीच्या दिवसांत तर त्यांची वर्दळच असते. त्यातून उतरणाऱ्या साहेबांकडे सगळे बघतात, विमान चालवणाऱ्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. आणि हल्ली चालवणारी कधी कधी ‘ती’ असते.

आमच्या संस्थेतर्फे आम्ही दहावी-बारावीच्या निकालानंतर मुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी बैठक घेतो. नर्सिंग, डी.एड., इंजिनीअरिंग अशी चौकशी नेहमीचीच. पण गेल्या काही वर्षांत ‘‘मला पायलट व्हायचंय,’’ असं म्हणणारी एखादी तरी मुलगी भेटतेच. भेटणारच. आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे आणि जगाची सरासरी जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास! मुलगी बोलून मोकळी होते आणि मग तिची आई हळूच विचारते, ‘‘ताई, पगार किती मिळतो हो?’’

प्रश्न अगदी रास्त आहे. घरची जमीन गहाण पडणार असेल तर विचारायलाच हवा. पण या नोकरीत तो अर्धाच प्रश्न आहे, हे मला माझ्या मैत्रिणीच्या मुलीमुळे कळलं. ती एका कंपनीच्या छोट्या दोन इंजिनांच्या विमानावर को-पायलट आहे. तिच्याशी बोलून आणि नियम वाचून जे समजलं, ते आज तुमच्यापुढे मांडते.

आधी खर्चाचं बघू

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी वयाची अठरा वर्षं पूर्ण हवीत. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. माझ्यासारख्या आर्ट्सवालीचं काय, असं कुणी विचारेल. तर हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देऊन पुढे गेलेली मुलंमुली आहेत. मग डोळे-कान-हृदयाची कसून वैद्यकीय तपासणी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे म्हणजे डीजीसीएचे पेपर, रेडिओवर बोलण्याचं लायसन्स आणि प्रत्यक्ष २०० तासांचं उड्डाण. आपल्या राज्यात बारामती, गोंदिया, शिरपूर अशा ठिकाणी हे शिक्षण मिळतं. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

या सगळ्याला साधारण चाळीस ते पन्नास लाख रुपये लागतात, कधी त्याहून जास्तच. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, म्हणजे घर नाहीतर शेत. चाळीस लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत असं धरलं तर महिन्याचा हप्ता होतो ५५ हजार रुपये. आता समजा, पहिल्या नोकरीत मुलीच्या हातात लाखभर रुपये पडले. तर निम्म्याहून अधिक बँकेत गेले! उरलेल्यात मुंबई-दिल्लीचं घरभाडं आणि खाणंपिणं. ‘लाखाचा पगार’ म्हणून गावात पेढे वाटण्याआधी हा हिशेब कागदावर करून बघावा.

दोन इंजिनं, दोन पाय

शिकताना बहुतेक तास एका इंजिनाच्या विमानावर होतात. शेवटी काही तास दोन इंजिनांच्या विमानावर करून त्याची नोंद लायसन्सवर घेतली जाते. मी भाबडेपणाने विचारलं, ‘‘दोन इंजिनं म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं आहे, मग सोपंच की!’’ ती हसली. म्हणाली, ‘‘मावशी, खरी परीक्षा तिथेच असते. एक बंद पडलं की चालू असलेलं इंजिन विमानाला बंद इंजिनाच्या बाजूला फिरवायला लागतं. मग दुसऱ्या पायाने पेडल गच्च दाबून विमान सरळ ठेवायचं. ज्या पायाला काही काम उरलं नाही, त्या बाजूचं इंजिन गेलं असं समजायचं.’’ आणि हे सगळं काही सेकंदांत, कधी नुकतंच उड्डाण घेतलेलं असताना! पगार असतो तो या जबाबदारीचा.

दिवस बारा तासांचा, नोंद पावणेदोन तासांची

या क्षेत्रात गाजलेलं छोटं विमान म्हणजे किंग एअर. १९६४ साली पहिलं किंग एअर उडालं आणि तेव्हापासून उद्योगपती, राज्य सरकारं, हवाई रुग्णवाहिका असा त्याचा जगभर वापर चाललाय. आखूड धावपट्टीवर उतरतं, म्हणून आपल्याकडेही सोयीचं.

आता या पोरीचा एक दिवस ऐका. पहाटे चारला फोन येतो, ‘‘साहेबांना साडेसहाला निघायचंय.’’ ही साडेपाचला विमानापाशी हजर. हवामान बघायचं, परवानग्या बघायच्या, इंधन मोजून घ्यायचं, पाण्याच्या बाटल्या आणि वर्तमानपत्रं ठेवायची, बॅगाही चढवायच्या. पाऊण-एक तासात विमान एखाद्या तालुक्याच्या धावपट्टीवर. साहेब सभेला, लग्नाला, कारखान्यावर जातात. ही आणि कॅप्टन उन्हात थांबतात. डबा आपला आपण न्यायचा. काही धावपट्ट्यांवर बायकांसाठी धड स्वच्छतागृहही नसतं, म्हणून पाणीसुद्धा बेताने प्यायचं. संध्याकाळी परत. दिवस गेला बारा-तेरा तासांचा आणि लॉगबुकमध्ये नोंद झाली पावणेदोन तासांची!

इथेच खरी मेख आहे. पायलटची पुढची बढती वयावर नाही, उडालेल्या तासांवर अवलंबून असते. वरच्या लायसन्सला, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्सला, वय २१ आणि १५०० तास लागतात. २०० तास शिक्षणात झाले, उरले १३००. महिन्याला वीस तास मिळाले तर ही बेरीज व्हायला साडेपाच वर्षं जातील. तिचीच वर्गमैत्रीण मोठ्या कंपनीत महिन्याला साठ तास उडत असेल, तर तिला दोन वर्षंही लागणार नाहीत. पहिला पगार दोघींचा सारखा असला तरी पाच वर्षांनी एकीच्या खुर्चीत आणि दुसरीच्या खुर्चीत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

त्यात आणखी एक बारकावा. किंग एअर २०० सारखं विमान मुळात एकट्या पायलटने चालवायला मान्यता असलेलं आहे. मग शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या पायलटचे तास वरच्या लायसन्ससाठी पूर्ण धरले जाणार की अर्धे? हे नोकरी घेण्याआधीच विचारून, लेखी घेऊन ठेवावं. आपण घरकामाच्या बाईलासुद्धा खाडे कसे मोजणार ते आधी सांगतो, नाही का?

डावी खुर्ची

विमानात कॅप्टनची खुर्ची डावीकडे असते. सगळा खटाटोप त्या खुर्चीसाठी. छोट्या विमानाचा एक फायदा मात्र आहे. आपल्या नियमांनुसार ५७०० किलो वजनापर्यंतच्या विमानाची कॅप्टन कमर्शियल लायसन्सवरही होता येतं. किंग एअर २०० चं कमाल वजन ५६७० किलो, म्हणजे थोडक्यात आत बसणारं! अर्थात अनुभवाच्या इतर अटी असतातच आणि मालक व विमा कंपनी आपल्या अटी घालतात त्या वेगळ्या. पण जिथे एक-दोनच विमानं आहेत, तिथे कॅप्टनची जागा रिकामी होईल तेव्हाच बढती. मालकाने विमान विकलं तर नोकरीच संपली.

पगाराची तफावतही आहेच. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत मे २०२३ मध्ये विमान कंपन्यांच्या वैमानिकांचं मध्यक वार्षिक वेतन २,१९,१४० डॉलर होतं आणि इतर व्यावसायिक वैमानिकांचं १,१३,०८० डॉलर, म्हणजे जवळजवळ निम्मं. आपल्याकडेही लहान विमानाहून छोट्या जेटवर, तिथून मोठ्या जेटवर अशा पायऱ्या चढल्या की पगार वाढतो. कुणी पुढे प्रशिक्षक-परीक्षक होतं, कुणी कंपनीच्या उड्डाण विभागाचं प्रमुख. कुणी तास जमवून मोठ्या विमान कंपनीत जातं, पण तिथे ज्येष्ठतेच्या यादीत पुन्हा तळापासून सुरुवात.

मोठी कंपनी म्हणजे जन्माची हमी, असंही नाही बरं का. किंगफिशरची विमानं २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये. पगार थकलेले वैमानिक तेव्हा रस्त्यावर उतरलेले आपण टीव्हीवर पाहिले.

या डाव्या खुर्चीसाठी बायकांनी काय काय सोसलंय! प्रेम माथूर या आपल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक. १९४७ साली लायसन्स मिळालं, पण एकामागून एक कंपन्यांनी नकार दिला. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने को-पायलट म्हणून घेतलं. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली, तरी कॅप्टनची खुर्ची काही मिळाली नाही. मग त्या घनश्यामदास बिर्लांच्या खासगी विमानाच्या वैमानिक झाल्या आणि १९५३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या. म्हणजे ‘साहेबांचं विमान’ चालवण्याच्या नोकरीत बाईचं पाऊल फार आधीच पडलंय. पुढे १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फोकर विमानाचं, सगळ्या महिला कर्मचारी असलेलं उड्डाण डाव्या खुर्चीतून केलं, तेव्हा कुठे एक दार उघडलं.

सही करण्यापूर्वी

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे, करारावर सही करण्यापूर्वी मुलीला हे प्रश्न विचारायला लावा:

महिन्याला सरासरी किती तास उड्डाण मिळेल? गेल्या वर्षीच्या को-पायलटला किती मिळालं?

त्या विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च कोण करणार? कंपनी करणार असेल तर बाँड किती वर्षांचा आणि मध्येच सोडलं तर किती भरायचं?

उड्डाण नसलेल्या महिन्यातही पूर्ण पगार आहे ना? मुक्कामाचा भत्ता, सुरक्षित निवास, रात्री-पहाटे घरून ने-आण यांचं काय?

वैद्यकीय तपासणी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. आजारपणात लायसन्स गेलं तर त्याचा विमा आहे का?

आणि बाळंतपण? २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण ही तरतूद दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना लागू होते. दोन विमानांच्या छोट्या कंपनीत ती कागदावर आहे का, ते बघायलाच हवं. विचारायला लाजायचं कारण नाही.

माझ्या मैत्रिणीच्या मुलीने पहिल्या नोकरीत यातलं फारसं विचारलं नव्हतं. तीन वर्षांच्या बाँडमध्ये अडकली, तास कमी मिळाले, वडिलांनी दुकान चालवून हप्ते भरले. दुसऱ्या कंपनीत जाताना मात्र तिने वहीत प्रश्न लिहून नेले. समोरचे अधिकारी म्हणाले म्हणे, ‘‘तुम्ही फार प्रश्न विचारता.’’ ही शांतपणे म्हणाली, ‘‘सर, विमान सुरू करण्याआधी मी रोज यादी वाचून सगळं तपासते. तशीच ही यादी.’’

नोकरी तिला मिळाली आणि महिन्याला पस्तीस तासही!