आवडत्या खेळाडूसोबत एक पेला

मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांत एक प्रश्न रंगतो : क्लबच्या कोणत्या दिग्गजासोबत बसून एक पेला घ्यायला आवडेल? जॉर्ज बेस्टचे नाव सहज ओठी येते. १९६८चा युरोपियन चषक जिंकणाऱ्या संघातील हा जादूगार मद्यापायी यकृत गमावून बसला. २००२मध्ये यकृत प्रत्यारोपण होऊनही मद्य सुटले नाही. २००५मध्ये, ५९व्या वर्षी, तो गेला. उतारवयात शरीरातील पाणी घटते व तेवढेच मद्य अधिक बाधते; म्हणून आपल्या पेल्यात चहाच असावा.

त्याच संघातील बॉबी चार्लटन यांना वार्धक्यात स्मृतिभ्रंश झाला. या आजारातही तरुणपणीच्या आठवणी पुष्कळदा दीर्घकाळ टिकतात. तेव्हा घरातील ज्येष्ठांना त्यांच्या आवडत्या खेळाडूविषयी हाच प्रश्न विचारा. नाव वा साल चुकले, तरी दुरुस्त करू नका. शेजारी बसून ऐका.