कर्जासोबत आलेला विमा: सही झाली म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही

गृहकर्ज मंजूर झालं तीस लाखांचं, पण खात्याच्या उताऱ्यावर आकडा दिसतो एकतीस लाखांचा. वरच्या एका लाखाबद्दल विचारलं की उत्तर मिळतं, "तो लोनचा इन्शुरन्स आहे, सगळ्यांनाच असतो." बहुतेक जण इथेच थांबतात. घराचा ताबा घ्यायची घाई असते, कागदांचा गठ्ठा जाड असतो, आणि ज्या अधिकाऱ्याच्या सहीवर कर्ज मिळालं त्याच्याशी वाद घालायला मन धजत नाही.

कर्जाला जोडलेला विमा ही मुळात वाईट गोष्ट नाही. एकटा कमावणारा माणूस वीस वर्षांचं कर्ज ठेवून अचानक गेला, तर मागे राहिलेल्यांचं छप्पर या विम्याने वाचतं. माझा आक्षेप तो ज्या पद्धतीने गळ्यात मारला जातो तिच्यावर आहे. अर्धं सांगून, अर्धं दडवून, आणि पैशाची गरज असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही हे ओळखून. अशा विक्रीविरुद्ध तक्रार करता येते. लोक ती करत नाहीत, कारण काही समजुती मनात घट्ट बसल्या आहेत.

"विमा घेतला नाही तर कर्जच मिळत नाही"

हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येतं, पण त्याला नियमाचा आधार नाही. बँक विमा विकते तेव्हा ती विमा कंपनीची एजंट म्हणून काम करत असते. ग्राहकाचा त्यातला सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असला पाहिजे आणि कर्जासारखी सेवा व विमा यांची सांगड घालता कामा नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे.

गोंधळ होतो तो दोन वेगळ्या विम्यांमुळे. तारण ठेवलेल्या घराचा आग किंवा भूकंपाचा विमा ही कर्ज-कराराची अट असू शकते. गाडीचा थर्ड पार्टी विमा तर मोटार वाहन कायद्यानेच सक्तीचा आहे. कर्जदाराच्या जिवावरचा, आजारपणाचा किंवा नोकरी जाण्याचा विमा मात्र कोणत्याही कायद्याने सक्तीचा केलेला नाही. तारण मालमत्तेचा विमा मागितला, तरी तो अमुकच कंपनीकडून घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही.

"हप्त्यातच बसतं, खिशातून वेगळं काही जात नाही"

या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे, म्हणून हिशेबच मांडू. विम्याचा एकरकमी प्रीमियम एक लाख रुपये. तो कर्जात मिळवला. व्याजदर नऊ टक्के, मुदत वीस वर्षं. या एका लाखामुळे हप्ता वाढतो महिन्याला सुमारे ९०० रुपयांनी. ऐकायला किरकोळ वाटतं. २४० हप्त्यांत मात्र ते सुमारे २ लाख १६ हजार होतात. प्रीमियम एक लाखाचाच राहिला, त्याची किंमत दुपटीहून वर गेली.

ही किंमत कळावी म्हणून एक कागद आता सक्तीचा झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४पासून मंजूर होणाऱ्या सर्व किरकोळ मुदत-कर्जांना 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात वार्षिक खर्चाचा एकत्रित टक्का लिहिलेला असतो. बँक इतरांच्या वतीने वसूल करते ते पैसेही, म्हणजे विम्याचा प्रीमियमसुद्धा, त्यात धरून वेगळे दाखवावे लागतात. या कागदात नसलेली रक्कम कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. कागद वाचून विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळाले पाहिजेत. "आत्ता सही करा, सिस्टिम बंद होईल" असं कोणी म्हणालं, तर हे तीन दिवस लक्षात ठेवावेत.

"काही झालं तर हप्ते विमा भरेल"

काय झालं तर? इथेच खरी मेख आहे. बहुतेक गृहकर्जांसोबत मिळतो तो फक्त मृत्यूचा विमा. अपघात, गंभीर आजार, नोकरी जाणं यांचे भाग वेगळे असतात, त्यांचा प्रीमियमही वेगळा. गंभीर आजाराच्या विम्यात आजारांची ठरावीक यादी असते. नोकरी गेल्याचं संरक्षण सहसा काही महिन्यांच्या हप्त्यांपुरतं असतं, राजीनामा दिला तर लागू होत नाही, आणि स्वतःचा धंदा असलेल्याच्या तर काहीच कामाचं नसतं. दुकानदाराला किंवा रिक्षाचालकाला असा विमा विकला असेल, तर कधीच मागता येणार नाही अशा गोष्टीचे पैसे त्याच्याकडून घेतले गेले.

पती-पत्नीच्या संयुक्त कर्जात अनेकदा विमा एकाच्याच नावावर असतो, हप्ता मात्र दोघांच्या पगारातून जातो. आणखी एक गोष्ट क्वचितच कोणी सांगतं. या विम्याची रक्कम दरवर्षी कमी होत जाते, आणि ती किती व्हायची याचा तक्ता बहुधा कर्ज देतानाच ठरतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि त्यासोबत गृहकर्जांचं व्याजही वाढलं. तेव्हा अनेकांचा हप्ता न वाढवता कर्जाची मुदत लांबवली गेली. म्हणजे कर्ज हळू फिटू लागलं, पण तक्त्यातला विमा आधीच्याच वेगाने उतरत राहिला. अशा घरात उद्या दावा करायची वेळ आली, तर विमा मिळूनही कर्जाचा काही भाग उरू शकतो. विमा-प्रमाणपत्राला जोडलेला तो तक्ता आणि कर्जाचा ताजा उतारा शेजारी ठेवून आजच पाहावं, असं मी कळकळीने सांगेन.

"अशा तक्रारीतून कधी कोणाला पैसे मिळालेत?"

ब्रिटनमध्ये मिळाले, आणि तेही प्रचंड प्रमाणात. तिथे कर्ज आणि क्रेडिट कार्डासोबत हप्ता-संरक्षण विमा वर्षानुवर्षं विकला गेला. ज्यांना दावा करताच येणार नव्हता अशा स्वयंरोजगारी आणि निवृत्त लोकांनाही विकला गेला. 'सिटिझन्स ॲडव्हाइस' या संस्थेने २००५मध्ये त्याविरुद्ध अधिकृत तक्रार मांडली. नियामकाच्या कडक नियमांना बँकांनी न्यायालयात आव्हान दिलं आणि एप्रिल २०११मध्ये त्या हरल्या. २०१४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका महिलेचं प्रकरण आलं. तिने भरलेल्या ५,७८० पौंड प्रीमियमपैकी ७१.८ टक्के कमिशनमध्ये गेले होते, आणि तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. इतकं मोठं कमिशन लपवणं हा कर्जदारावरचा अन्याय ठरला. तक्रारीची अंतिम मुदत २९ ऑगस्ट २०१९ होती. तोवरच्या तक्रारींपोटी बँकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत द्यावी लागली.

ही भरपाई आपोआप घरपोच आली नाही. लाखो लोकांनी आपापल्या बँकेला पत्रं लिहिली, त्यातून ती आली. भारतात तशी सामूहिक मोहीम झालेली नाही, पण एकट्या ग्राहकासाठी वाट आहे.

"सही माझीच आहे, आता काय बोलणार?"

सहीमुळे काम अवघड होतं हे खरं. पण सही म्हणजे माहिती दिल्याचा पुरावा नव्हे. कोणी, काय सांगून, कोणत्या भाषेत सही घेतली, हे प्रश्न सहीनंतरही उरतात. विम्याच्या प्रस्ताव-फॉर्मची प्रत मागा. त्यात तुमचं उत्पन्न, व्यवसाय आणि आजारांविषयीची उत्तरं असतात. अनेकदा ती दुसऱ्यानेच भरलेली असतात. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या फॉर्मवर "कोणताही आजार नाही" असं असेल, आणि इंग्रजी मजकुराखाली त्याची मराठी सही असेल, तर हा कागद तक्रारीत तुमच्या बाजूने बोलतो. तोच कागद तसाच राहू दिला, तर पुढे दावा नाकारायलाही वापरला जाऊ शकतो. जीवन विमा तीन वर्षं चालू राहिल्यावर मात्र विमा कायद्याच्या कलम ४५ मुळे कंपनीला त्यावर प्रश्न उपस्थित करता येत नाही.

"मला पॉलिसी मिळालीच नाही" असंही अनेक जण सांगतात. कर्जासोबतचा विमा अनेकदा समूह विमा असतो. त्यात मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर असते, कर्जदाराला फक्त विमा-प्रमाणपत्र मिळतं. ते मिळालं नसेल तर तक्रारीचा पहिला मुद्दा तोच. पॉलिसी न पटल्यास परत करायला विमा नियामकाने २०२४च्या नियमांत ३० दिवस दिले आहेत, आणि ते कागद हातात पडल्यापासून मोजायचे असतात. समूह विम्यात ही सवलत कशी लागू आहे ते प्रमाणपत्रावर पाहावं. मुदतीत परत केल्यास तेवढ्या दिवसांचं संरक्षण, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क वजा करून पैसे मिळतात. ३० दिवस उलटले तरी चुकीच्या विक्रीची तक्रार करता येतेच.

तक्रार लिहिताना राग बाजूला ठेवून तपशील लिहा. कर्ज खाते क्रमांक, प्रीमियमची रक्कम, तो कधी कापला, काय सांगण्यात आलं, काय सांगितलं नाही. शेवटी मागणी नेमकी हवी: "विमा रद्द करून प्रीमियमची पूर्ण रक्कम, आणि त्या रकमेवर आजवर आकारलेलं व्याज, माझ्या कर्ज खात्यात जमा करावं व हप्ता नव्याने ठरवून द्यावा." नुसतं "योग्य ती कारवाई करावी" लिहिलं, तर उत्तरही तितकंच मोघम येतं. तोंडी तक्रार करू नका. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. ईमेल केला तर तक्रार क्रमांक जपून ठेवा.

"बँक म्हणते, विमा कंपनीकडे जा"

हे उत्तर मान्य करू नका. विक्री बँकेच्या माणसाने केली, तेव्हा विक्रीबद्दलचं उत्तर बँकेनेच द्यायचं. तक्रार बँकेकडे लिहा आणि प्रत विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१पासून ही योजना देशभर एकच आहे. तक्रार ऑनलाइन पोर्टलवर किंवा टपालाने करता येते, पैसे लागत नाहीत, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेलात, तर अर्ज परत येतो. उत्तर आल्यावर रेंगाळूही नका, कारण पुढच्या पायरीला मुदत असते.

कर्ज नेमकं कोणी दिलं आहे हेही पाहा. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. महाराष्ट्रात गावोगावी असलेल्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकाचं कार्यालय गाठावं लागतं. विमा कंपनीशी वाद असेल, तर आधी विमा नियामकाचं 'विमा भरोसा' पोर्टल, नंतर विमा लोकपाल. त्याची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत. या सगळ्यातून काही निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, वकील सक्तीचा नाही, आणि २०१९च्या कायद्यामुळे राहत्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते.

तीन धोके

तक्रार केल्याने सिबिल स्कोअर बिघडत नाही, हप्ता थांबवल्याने बिघडतो. म्हणून वाद चालू असतानाही हप्ता वेळेवर भरत राहा. "विमा प्राधिकरणातून बोलतोय, तुमचे पैसे अडकलेत, सोडवून देतो" असा फोन आला तर तो लगेच ठेवून द्या. प्राधिकरण असे फोन करत नाही. आणि रागाच्या भरात विमा रद्द करण्याआधी आपल्या तब्येतीचा विचार करा. आज रक्तदाब किंवा साखर असेल तर नवा विमा महाग पडेल, कदाचित मिळणारही नाही. आधी स्वतंत्र टर्म विमा हातात येऊ द्या. तो कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी टिकतो आणि कर्जाबरोबर घटत नाही. मगच जुना सोडा.

ज्यांचं कर्ज मुदतीआधी फिटलं किंवा दुसऱ्या बँकेत गेलं, त्यांनी एकदा जुनी फाइल काढावी. कर्ज बंद झालं की त्याला जोडलेला एकरकमी विमा आपोआप मिटतोच असं नाही, आणि उरलेल्या काळाच्या प्रीमियमपैकी काही रक्कम परत मिळू शकते. ना-हरकत प्रमाणपत्र देताना ही गोष्ट बँक स्वतःहून सांगेल याची खात्री नसते. विमा-प्रमाणपत्राचा क्रमांक, कर्ज बंद झाल्याचं पत्र आणि रद्द केलेला धनादेश जोडून विमा कंपनीला अर्ज करा, आणि त्याचीही पोच घ्या.